गुलाबी बिबडी

सुरतेतल्या आमच्या नवागामच्या गल्लीत अजूनही पारूआक्काचं नाव निघालं की बायकांचा पदर डोळ्यांकडे जातो. आक्काच्या हातची कढी, आक्काचं भरीत, आक्काचे मांडे. मी दुकानात बसून ऐकून घेते. गिऱ्हाइकाशी भांडून दुकान चालत नाही, नाहीतर एकेकीला सुनावलं असतं. आक्काने गल्लीला जेवू घातलं हे खरं आहे. पण जेवू घालण्याचा जो माज तिच्या अंगात होता, तो या बायकांनी ताटावर बसून पाहिला. मी समोरच्या दारातून पाहिला.

तिचं दार माझ्या दाराच्या बरोबर समोर होतं. गल्ली एवढी अरुंद, की एका घरात फोडणी दिली की दुसऱ्या घरात खोकला. ती शिंदखेड्याकडची, मी पारोळ्याकडची, म्हणजे दोघी खानदेशातल्याच. पण ती सुरतेत माझ्या आधी आली होती, आणि गल्ली आपल्या सासऱ्याने बांधली असल्यासारखी उंबऱ्यावर बसायची. ठेंगणी, रुंद हाडाची, हनुवटीवर गोंदलेले ठिपके, पुढ्यात परात. परातीत सतत काहीतरी चाललेलं असायचं. तूर निवडणं, लसूण सोलणं, मेथी खुडणं. मान खाली आणि लक्ष आमच्या चुलीवर. "आज बी बटाटाच का वं?" असं तिथूनच ओरडून विचारायची, म्हणजे पुढच्या चार घरांनाही आमचा बेत कळावा. तिचा नवरा दामूतात्या लूमच्या खात्यातून, म्हणजे कापडाच्या कारखान्यातून यायचा, जेवायचा, झोपायचा. त्याला बोलताना मी फारसं ऐकलं नाही. त्या घरात बोलण्याचं काम एकटीकडे होतं.

मी तेव्हा डोक्यावर टोपली घेऊन भाजी विकायचे. पहिल्याच दिवशी तिने मला थांबवलं, टोपली उतरवायला लावली आणि एकेक वांगं देठाजवळ दाबून बघायला लागली. आमच्याकडची भरताची वांगी हिरवट-पांढरी, लांब आणि मऊ सालीची असतात. सुरतेच्या बाजारात मिळतात ती जांभळी. ते मलाही माहीत होतं.

"हाई वांगं शे का फुगा शे?" तिने विचारलं.

"घ्यायचं तर घे, नाहीतर हात काढ."

आक्काशी असं कोणी बोलत नसे हे मला नंतर कळलं, आणि आधी कळलं असतं तरी मी तसंच बोलले असते. तिने माझ्याकडे नीट पाहिलं, मोठी मोठी वांगी निवडली, भाव खूप पाडला, वर कोथिंबिरीची जुडी उचलली. माझ्याशी भाव करून जिंकणारी बाई मला तोवर भेटली नव्हती. ते मी विसरले नाही.

संध्याकाळी माझी मंगल त्याच वांग्यांच्या भरताची वाटी घेऊन घरात आली. मंगल तेव्हा लहान होती, शाळेतून आली की गल्लीभर फिरायची. "आक्का म्हणाली, वांगं वाईट होतं, पण हात चांगला म्हणून निभलं. आईला सांग."

भरीत चांगलं होतं. मिरची भाजून घातलेली, कांद्याची पात, वर कच्चं तेल. मी चवीबद्दल कधी खोटं बोलत नाही. पण मागितलेलं नसताना दिलेल्या मालाची परतफेड मी करत नाही, म्हणून वाटी घासून रिकामी परत पाठवली. आमच्याकडे वाटी रिकामी पाठवत नाहीत. निदान चिमूटभर साखर तरी घालतात. मला ते ठाऊक होतं. आक्का वाटी घेऊन बाहेर आली, तिच्यात डोकावली, उलटी केली, झटकली, आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दुकानवाली व्हई ही. चिमूटभर साखर बी सुटत नही."

तेव्हा माझं दुकान नव्हतं. पुढे झालं. बायका म्हणतात, बघा, आक्काने आधीच ओळखलं होतं. दुकान मी माझ्या घामावर उभं केलं. आधी दारातच पत्र्याची केबिन, मग शटर. त्याचं श्रेयही त्या वाटीला!

तिच्या स्वयंपाकात काही विशेष नव्हतं, हे मला एकदा स्पष्ट लिहायचं आहे. सकाळी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा. संध्याकाळी फुनके, म्हणजे भिजवलेली तूरडाळ जाडसर वाटून, मुटके वळून वाफवायचे, आणि सोबत पातळ कढी. घरात भाजी नसली की शेवेची भाजी, त्यातली शेव माझ्या दुकानातली. शेवही नसली की रश्शात बेसनाचे वडे सोडायचे, झालं. हे कोणालाही येतं. फरक एवढाच की ती चाखायची नाही. मिठाच्या डब्यात हात घालायची, मूठ बाहेर काढायची, त्यातलं थोडं परत टाकायची आणि उरलेलं पातेल्यात. मग झाकण उचलून वाफेत नाक घालायची आणि वासावरून सांगायची की मीठ बरोबर आहे. बायका तोंडात बोटं घालायच्या. मी तेच करून पाहिलं आणि आमच्या ह्यांनी ताट सरकवलं.

ती कुणाला "कशी आहेस" असं विचारत नसे. "पोट काय म्हनस?" हा तिचा रामराम. आणि स्तुती म्हणजे "खावासारखं शे", खाण्यासारखं आहे, एवढंच. याच्यावर ती कुणासाठी गेली नाही. आमच्या घरमालकीण मधुबेन शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी दरवर्षी घारी, म्हणजे तुपात बुडवलेली माव्याची मिठाई, वाटायच्या. सुरतेत त्या दिवशी घारी खाल्ली नाही तर माणूस सुरतेचा नाही. मधुबेन स्वतः जिना उतरून ताटली घेऊन आल्या, "आक्का, चाखो तो खरा." आक्काने तुकडा मोडला, बोटांवरचं तूप पाहिलं, चघळलं, आणि घरमालकिणीच्या तोंडावर म्हणाली, "बेन, तूप खावानं व्हतं तर डबाच आनती ना." मी असं बोलले असते तर त्या महिन्यात खोली सोडायला लागली असती. मधुबेन हसल्या. हिवाळ्यात पोंक निघाला, म्हणजे त्यांचा हुरडा, तेव्हा मधुबेननी तिला लिंबू-मिऱ्याच्या शेवेसोबत पोंक पाठवला. त्यावर आक्काने निरोप दिला, "दाना खावासारखा शे, पन हुरड्यावर शेव? नवरीले टोपी घालनं शे ते." मधुबेन तो निरोप सगळ्यांना सांगत सुटल्या. तिने केलेल्या अपमानाची लोक मिठाई करून वाटायचे. माझं साधं खरं बोलणंही लोकांना टोचायचं. याचं कारण मला आजवर सापडलेलं नाही.

आता बिबड्यांचं सांगते.

ज्वारी भिजवून दळायची, तिखट, तीळ, लसूण घालून घट्ट शिजवायची आणि ओल्या सुती धोतरावर हाताने पातळ थापून उन्हात वाळवायची. या आमच्या बिबड्या. उन्हाळा लागला की आक्का मधुबेनच्या गच्चीचा ताबा घ्यायची. खात्यातून उडणारा तंतूंचा भुगा पडू नये म्हणून चारी बाजूंना जुन्या साड्या बांधायची. एक दिवस एका घरच्या बिबड्या, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरच्या. सगळ्या मिळून सगळ्यांचं. तिचा नियम एकच होता. जी बसली तिच्या घरच्या बिबड्यांना सगळ्या बसतील. जी बसली नाही तिच्या घरच्या तिने पाहाव्यात. पोरी शिजलेलं गरम पीठ खायला गच्चीवर जमायच्या. मंगलही जायची. मी हाक मारली की आक्का वरून उत्तर द्यायची, "शे इथे. जेवी ऱ्हायनी." जेवतेय म्हणे. घरी जेवायला नव्हतं का पोरीला?

प्लेगचं वर्ष सरलं आणि त्यापुढच्या उन्हाळ्यात मी एक व्यवहार मांडला. गावी पळालेले लोक परतले होते, घराघरात ओढाताण होती. मी गच्चीवर गेले आणि म्हणाले, ज्वारी माझी, तीळ-लसूण माझा, कापडसुद्धा माझं. तुम्ही फक्त थापा. मी पाकिटं करून डिंडोलीत, उधन्यात विकते आणि प्रत्येकीला रोख मजुरी देते. यात वाईट काय होतं? बायकांचे चेहरे उजळले होते, मी पाहिले.

आक्का थापत होती. वर न बघता म्हणाली, "तू बसशी का?"

"मी बसले तर दुकान कोण बघणार?"

"मंग नही."

"का नाही? तुझ्या खिशातून जातंय का?"

"इथे बसनारी लई जास. दुसरं काय नही."

म्हणजे जी बसते तीच घेऊन जाते. बायकांनी तिला गळ घातली. एकदा करून तर पाहू, आक्का. शेवटी तिने एका दिवसाला हो म्हटलं, आणि ते उपकार केल्यासारखं.

धोतरं जुनी झाली होती, म्हणून मी पलसाण्याच्या एका कापड रंगवणाऱ्या प्रोसेसवाल्याकडून कापडाचा तुकडा घासाघीस करून मिळवला. नापास झालेला माल, फिका गुलाबी, पण लांबरुंद, नवा कोरा. रंग जातो का विचारलं, तर तो माणूस छातीवर हात ठेवून म्हणाला, "पक्का छे, मासी." मी कापड गच्चीवर अंथरलं, पाणी शिंपडलं. आक्काने दोन बोटांत चिमटून पाहिलं. "सुत नही हाई."

"नसू दे. स्वच्छ आहे ना?"

तिने ते उकळतं पीठ तसंच कापडावर घेतलं आणि थापायला सुरुवात केली. तिच्यामागून सगळ्यांनी. जरा निवू दिलं असतं तर पुढचं घडलं नसतं, हे मी तेव्हाही म्हणाले आणि आजही म्हणते.

दुपारी दुकान बंद करून वर गेले तर बायका कडेला उभ्या, पदर तोंडाशी. सगळ्या बिबड्या गुलाबी झाल्या होत्या. काही कडेने, काही पार मध्यापर्यंत, जाळीजाळीने. सुटायलाही तयार नाहीत. कापडावर चिकटून बसलेल्या. आक्काने एक कशीबशी अख्खी सोडवली, उन्हासमोर धरली आणि म्हणाली, "देखा वं. दुकानवालीनी ज्वारीले साडी नेसाडी."

त्यानंतर गच्चीवर जे हसणं झालं ते मला अजून ऐकू येतं. मी तापले. म्हणाले, सुरतेत रंगीत काहीही खपतं, मी याच विकून दाखवते. मी खरंच विकल्या असत्या असं नाही. पण माझ्या मालाचं काय करायचं ते मी ठरवणार. आक्काचं हसू गेलं. "कापडाचा रंग लेकरांच्या पोटात घालशील?" हे तिने आमच्या घरच्या बोलीत नाही, स्वच्छ मराठीत विचारलं, शाळेतल्या बाईसारखं. आणि उत्तराची वाट न पाहता पाण्याची बादली उचलून सगळ्या वाळवणावर ओतली. माझी ज्वारी, माझे तीळ, माझा लसूण. लगदा खाली नेऊन बकरीपुढे टाकला, तर बकरीने वास घेऊन तोंड फिरवलं. त्याचीही गोष्ट झाली.

जी एक बिबडी तिने सोडवली होती ती तिने वाळवली. दोऱ्यात ओवली. आणि आपल्या दाराशेजारी, लिंबू-मिरचीच्या बाजूला, खिळ्याला टांगली. माझ्या दारासमोर.

नवीन माणूस आला की विचारायचा, हे काय? आणि आक्का परात बाजूला ठेवून सांगायची. पोस्टमन, गॅसवाला, मधुबेनचे पाहुणे. मी एकदा जाऊन सांगितलं, "काढ ते." ती म्हणाली, "कसाले? दिठ लागत नही." दृष्ट लागत नाही म्हणे. वर्ष गेलं, पुढचंही गेलं. पापडाला कीड लागते, बुरशी येते. त्या बिबडीला काही होईना. एवढा रंग प्यालेली, तिला कीड तरी कशी लागणार? पावसाळ्यात ओली व्हायची, उन्हाळ्यात वाळायची, पण लटकलेलीच.

मग मंगलचं लग्न झालं. मुलगा सुरतेजवळच्या सचिन गावात एका मिलमध्ये, घर चांगलं. विहीण मात्र तोंडाची तिखट. लग्नाच्या पंगतीत तिने कुरडई मोडून पाहिली आणि शेजारणीला म्हणाली, "दुकानवाल्यांकडचं ना, सगळं विकतचं असायचं." मला ऐकू जाईल अशा बेताने. मंगलने मान खाली घातली. त्या मान खाली घालण्याने मला जाळलं. माझ्या पोरीला त्या घरात रोज ताट वाढायचं होतं. पहिल्याच दिवशी तिच्या माहेरावर विकतचा शिक्का बसला तर तो जन्मभर निघणार नव्हता.

पुढे आखाजी येत होती. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे लेकी माहेरी येतात आणि त्या दिवशी खापरावरचे मांडे लागतातच. पुरण भरलेली कणीक हातांवर घेऊन झुलवत झुलवत कोपरापर्यंत पसरवायची आणि चुलीवर उपड्या घातलेल्या मातीच्या खापरावर टाकायची. रुमालासारखी पोळी, सोबत आमरस. मी ठरवलं, जावयाला आणि विहिणीला जेवायला बोलवायचं आणि माझ्या दारात, माझ्या चुलीवर मांडे करून वाढायचे. मग बघू कोण विकतचं म्हणतं.

मला मांडे येत नव्हते. मी कमावत होते, शिकायला वेळ कुठला? उधन्याची एक बाई ठरवली. खापर सुरतेत मिळत नाही, म्हणून मी स्वतः पारोळ्याच्या बाजारात गेले. कुंभार आडमुठा होता. मी त्याला असा पिळला की शेवटी तो चिडून म्हणाला, "ने माय, ने." मी पैसे मोजेपर्यंत त्याने ढिगातलं खालचं खापर गवतात गुंडाळून माझ्या हातात दिलं. वरचं नाही, खालचं, हे मला नंतर उमगलं. भुसावळ पॅसेंजरमध्ये बाळासारखं मांडीवर घेऊन आणलं. गल्लीत उतरवताना आक्काने उंबऱ्यावरून विचारलं, "वाजाडीसन देखं का?" वाजवून पाहिलंस का?

"मातीचं खापर आहे, घंटा नाही," मी म्हणाले.

आखाजीच्या सकाळी सगळं तयार होतं. पुरण, कणीक, आमरस, दारात चूल. उधन्याची बाई आली, खापर चुलीवर चढवलं, जाळ केला. जाळ जरा वाढला आणि खट्ट आवाज झाला. खापराला इकडून तिकडे चीर. बाईने दोन्ही हात वर केले. "यात माझं काही नाही, मावशी. मला दुसरीकडे जायचंय." आणि गेली.

समोर आक्काची चूल पेटलेली होती. तिचं खापर काळं, तेल पिऊन गुळगुळीत. सकाळपासून गल्लीतल्या बायका पुरण घेऊन तिच्याकडे येत होत्या. मी गल्ली ओलांडली. आयुष्यात मी तिच्या दारात काही मागायला गेले ती तेवढी एकदाच.

"आक्का, खापर दे थोडा वेळ. संध्याकाळी परत देते. भाडं देते."

"मन्हं खापर घर सोडीसन जास नही." ती कणीक तिंबत होती. "जिले पाहिजे ती इथे येस. तुनं पुरन लई ये."

"माझ्याकडे पाहुणे येणार आहेत!"

"मंग त्यास्ले बी लई ये. माले काय?"

मी दातओठ खाल्ले. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. जावई, विहीण, मागे मंगल. विहिणीची नजर आधी माझ्या चुलीवरच्या फुटक्या खापरावर गेली. मग माझ्यावर. मी परात उचलली आणि म्हणाले, "चला, समोरच्या घरी चूल मोठी आहे."

विहिणीला आक्काने पाट दिला, पाणी दिलं, पोट काय म्हणतंय विचारलं. मग परात माझ्याकडे सरकवली. "बस खाले. कर."

"मी?"

"तुन्या घरना पाव्हना शेतस. मन्ह्या नही."

सगळ्यांसमोर. मी बसले. उंडा घेतला, हातावर टाकला, बायका करतात तसं झुलवला. कोपरापर्यंत गेला आणि मधोमध फाटला. पुरण बाहीवर, गरम राख गुडघ्याशी. विहिणीच्या ओठांचा कोपरा हलला. मला वाटलं, झालं, आता हे सचिनभर जाणार.

आक्का हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "उठ. तुनं काम नही हाई." आणि मान वळवून, "मंगल, ये वं."

माझ्या पोरीने पदर खोचला, माझ्या जागेवर बसली, हात पाण्यात बुडवले. उंडा घेतला, दाबला, दोन्ही हातांवर उचलला आणि या हातावरून त्या हातावर सोडत गेली. कणीक वाढत गेली, पातळ होत गेली, बांगड्यांच्या वर, कोपराच्या खाली. मग एका झटक्यात खापरावर. सुरकुती नाही. कडेला पुरण नाही. जणू रोज करते.

विहीण पाटावरून उठली. "सूनबाई! तुला येतं?"

मंगलने आधी माझ्याकडे पाहिलं. मग आक्काकडे. "आक्कांनी शिकवलं. लहानपणापासून." मी दुकानात बसायचे तेव्हा ही तिथे बसायची. गच्चीवर, चुलीशी, परातीपाशी. मला वाटायचं पीठ खायला जाते.

विहिणीचा राग, तिखटपणा, सगळं त्या वाफेत विरलं. ती स्वतः बाह्या सावरून आक्काच्या शेजारी बसली, उंडे करायला लागली, आणि दोघींच्या माहेरच्या गोष्टी निघाल्या. मी आमरसाचं पातेलं धरून उभी. आणि मग विहिणीने भिंतीकडे बोट केलं. "आक्का, हे गुलाबी काय हो?"

आक्काने सगळं सांगितलं. पलसाण्यापासून बकरीपर्यंत. विहिणीला हसताना ठसका लागला, मंगलने तिला पाणी दिलं. मंगलही हसत होती.

त्यानंतर विकतचं हा शब्द माझ्या घराच्या संदर्भात कोणी काढला नाही. 'माझी सून मांडे करते' म्हणून विहीण नात्यागोत्यात मिरवायला लागली. मंगलचं त्या घरात पक्कं झालं. मला हवं होतं ते झालं, नाही म्हणत नाही. पण गहू माझा, डाळ माझी, आंबे माझे, मुलगी माझी. आणि नाव? आक्काने घडवली. पुढे विहीण जेव्हा जेव्हा आली, तेव्हा तिच्या चपला आधी समोरच्या दारात निघाल्या. मी गल्ल्यावरून त्या चपला बघत बसायचे आणि चहा दोनदा गरम करायचे.

नव्वदचं दशक संपता संपता दामूतात्याचं खातं बंद झालं. त्यांचा मुलगा मालेगावला लूमवर लागला होता, त्याने आईवडिलांना बोलावून घेतलं. सामान टेम्पोत चढलं. बायका रडत होत्या, मधुबेनसुद्धा. मी दुकानात होते. कोणीतरी दुकानात असायला हवंच. टेम्पो निघाला आणि माझ्या शटरसमोर थांबला. आक्का ड्रायव्हरशेजारी बसली होती, मांडीवर गोधडीत गुंडाळलेलं खापर.

"दुकानवाली, शेव दे. वाटमा खावाले."

मी शेव तोलून दिली. ती चिमूटभर तोंडात टाकेल, शिळी आहे म्हणेल, भाव पाडेल, म्हणून मी तयारीत होते. उत्तरही ठरवलं होतं. तिने पुडी पदरात बांधली आणि मी सांगितला तेवढा पैसा काढून दिला. घासाघीस नाही, वर काही मागणं नाही. मला ते अजिबात आवडलं नाही.

"तुला भाव जास्त वाटत नाही?" मीच विचारलं.

"नही." मग तिने गोधडीचं टोक बाजूला केलं आणि बोटाच्या पेराने खापरावर ठोकलं. खणखणीत वाजलं, पितळेसारखं. "आयकं का? मंगलले सांगजो, असं वाजाडीसन लेजो म्हनं." तिने ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारली. "चाल रे भाऊ." टेम्पो वळेपर्यंत तिने एकदाही मागे पाहिलं नाही. तो निरोप मी मंगलला दिलेला नाही. द्यायचाही नाही.

टेम्पो दिसेनासा झाल्यावर मी दुकानातलं स्टूल उचललं आणि समोर गेले. कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले होते की ज्या दिवशी ही बाई जाईल त्या दिवशी ती बिबडी मी माझ्या हाताने काढीन आणि चुलीत घालीन. स्टुलावर चढले. खिळा रिकामा होता. लिंबू-मिरची तशीच होती. बिबडी ती घेऊन गेली होती. आता मालेगावात कुठल्या दाराला ती टांगली असेल आणि कोणकोण ऐकत असेल, देव जाणे.

खिळ्याखाली चुन्याच्या भिंतीवर एक गोल गुलाबी डाग मात्र उरला होता, पावसाळ्यांत झिरपून झिरपून पडलेला. नवीन भाडेकरूने त्यावर चुना मारला. पाऊस आला आणि तो परत वर आला. दुसऱ्यांदा मारला, परत आला. गल्ल्यावर बसलं की तो बरोबर माझ्या समोर येतो. पलसाण्याचा तो माणूस रंग पक्का आहे म्हणाला होता, ते खोटं नव्हतं.